सशाचा कान

कागद चिकटवायला खळ करायची तर पीठ थंड पाण्यातच कालवावं लागतं. गरम पाण्यात टाकलं की गोळे होतात, आणि ते फोडता फोडता अर्धी सकाळ जाते. हे ती मुलांना दर वेळी सांगायची, जणू ती पाच-पाच वर्षांची पोरं उद्या आपापली चूल मांडणार होती. मंद जाळ. पळी एकाच बाजूने. पांढरं पाणी जडावत जायचं, पळीला धरायला लागायचं, आणि एका क्षणी त्याचा पांढरेपणा जाऊन ते काचेसारखं व्हायचं.

"झाली!" पोरं ओरडायची.

मग चिमूटभर तुरटी, आणि पातेलं निवायला खिडकीत.

गोदामाच्या कडेची एक खोली म्हणजे वरच्या वस्तीचा बालवर्ग. तिथं शिकवणारी ही एकटीच. नखांच्या कडेला तिच्या कायम वाळलेली खळ असायची, म्हणून मुलांनी तिचं नाव चिकटबाई ठेवलं होतं. मोठी माणसंही तेच म्हणत. फक्त मुलांच्या तोंडी ते गोड लागे.

त्या उन्हाळ्यात मुखवटे करायचे ठरले. प्रत्येकाने घरून एक वाडगा आणायचा, पालथा घालायचा, त्यावर तेलाचं बोट फिरवायचं, आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून एकीवर एक लावत जायच्या.

"कात्री नको," ती सांगे. "हाताने फाडा. कापलेली कड उठून बसते. फाडलेल्या कडेला तंतू असतात, उजेडात धरून बघा. ती कागदाची बोटं. ती दुसऱ्या कागदाला धरतात."

आणि मग गाणं. तिचंच रचलेलं, पट्टी लावायच्या तालावर बसणारं:

एक पट्टी उभी गं, एक पट्टी आडी,
बोटानं बोटानं सुरकुती काढी.

पाच थर झाले, वाळले, वाडगे सुटले. गिरणीवाल्याच्या मुलाने वाघ केला. पिवळा रंग संपला होता म्हणून वाघ निळा झाला, आणि नाकाच्या जागी काड्यापेटी बसली. सुताराच्या मुलीने घुबड केलं, डोळ्यांभोवती रंध्याच्या गोल गोल साली चिकटवून. दूधवाल्याच्या धाकट्याचं अस्वल जुन्या लोकरीने भरलं होतं आणि त्याला शेणाचा वास येई. चिकटबाईची स्वतःची मुलगी, जिला सगळे मुंगी म्हणत, तिने ससा केला. सशाचे कान जाड कागदाचे हवेत म्हणून जुनी दिनदर्शिका फाडली. एक कान लांब झाला, एक आखूड. लांब कानाच्या आतल्या बाजूने महिन्याचे आकडे दिसत.

मुलांना घ्यायला आलेल्या गिरणीवाल्याच्या बायकोने पातेल्यात डोकावून पाहिलं. "आमच्या डब्यात हात घातला तर तळ लागतो, आणि ही बाई वाघाच्या नाकाला पीठ फासतेय."

"माझ्या घरचं आहे पीठ," ती म्हणाली.

"असणारच. पाटाचं पाणी ज्याच्या हातात, त्याच्या घरी पिठाला काय तोटा!"

बाकीच्या बायका हसल्या. तिने पातेल्याच्या कडेला लागलेली खळ बोटाने निपटून काढली.

तिचा नवरा पाटकरी होता. पाटाच्या फाट्यावर लोखंडी दार होतं. एक दांडा होता, हातभर लांब, पुढे चौकोनी तोंडाचा. तो मळसूत्रात बसवून फिरवला की दार वर येई आणि पाणी वरच्या वस्तीच्या शेतांत वळे. फिरवला नाही की पाणी सरळ खालच्या वस्तीला जाई. दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. पाट गुडघ्यावरून घोट्यावर आला होता. सहा दिवस खालच्यांचे, सहा दिवस वरच्यांचे, अशी पाळी लागली होती, आणि दांडा रोज संध्याकाळी तो खांद्यावर टाकून घरी आणायचा, झोपायचा तरी खाटेखाली ठेवून.

त्याचा धाकटा भाऊ मागच्या खोलीत एकटा राहायचा, जेवायला वहिनीच्या हातचं. त्याने दुसऱ्याच्या शेतात वाट्याने टोमॅटो लावले होते. पानं दुपारी माना टाकत आणि आता सकाळी उचलायची विसरली होती.

"दादा, दोन तास," तो त्या संध्याकाळी ताटावर म्हणाला. "फक्त दोन तास दार उचल. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

"तू माझा भाऊ आहेस, का खालच्या वस्तीचा जावई?"

"शनिवारपर्यंत त्यांची पाळी. रविवारी उजाडताच तुझं पाणी."

"रविवारी माझे टोमॅटो जागेवर शिजलेले असतील. ये मग, येताना मीठ घेऊन ये."

पाटकरी जेवत राहिला. तो रागावला की सावकाश जेवायचा. धाकट्याने ताट सरकवलं. तेवढ्यात मुंगी ससा घेऊन आली, "काका, घालून दाखवा की." त्याने घातला. वाडग्याएवढा मुखवटा त्या दाढीच्या तोंडावर कुठे पुरणार? खालून हनुवटी बाहेर, बाजूने कान बाहेर. त्याने नाक हलवून दाखवलं. मुंगी हसून हसून जमिनीवर लोळली. त्याने ससा काढून पाण्याच्या मडक्यावरच्या खिळ्याला अडकवला, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग सोडून ती घरी आली, नवऱ्याचा डबा भरला, तेव्हा खिळा रिकामा होता. मुंगीने नेला असेल, असं तिला वाटलं. मुंगी शेजारी खेळत होती.

उन्हाने वाट पांढरी पडली होती. बांधावरचं गवत पायाखाली कागदासारखं वाजत होतं. फाट्याच्या झाडापाशी ती पोचली आणि तिला आधी हसूच आलं. पाटाच्या काठावर निळा वाघ उभा होता.

मग वाघाने लाथ मारली.

तिचा नवरा पालथा होता, तोंड पाटाच्या चिखलात. अस्वलाने त्याच्या पाठीत गुडघा रोवला होता आणि केस धरून तो त्याचं तोंड चिखलात दाबत होता, वर काढत होता, पुन्हा दाबत होता. वर काढला की पाटकरी ओकल्यासारखा श्वास घेई. वाघ बरगड्यांवर लाथा घालत होता, घाई न करता, एकाच जागी. घुबडाच्या हातात काठी होती आणि ते मांड्यांवर मारत होतं. कुणी बोलत नव्हतं. बोललं की आवाज ओळखू येतो. लहान मुलांचे ते मुखवटे मोठ्या माणसांच्या तोंडांवर दोऱ्यांनी करकचून बांधलेले, खालून चार हनुवट्या घामाने निथळणाऱ्या.

चौथा बाजूला उभा होता, हातात दाराचा दांडा. एक कान लांब, एक आखूड.

वाघ कोण ते तिला कळलं होतं, काड्यापेटी तिनेच दिली होती. रंध्याच्या साली कुणाच्या घरून आल्या ते कळलं होतं. शेणाचा वास इथवर येत होता. पण ससा तिच्या स्वतःच्या भिंतीवरचा होता.

पाटकऱ्याने कसातरी उजवा हात सोडवला. चिखलाने डोळे भरलेले, त्याला काही दिसत नव्हतं. तो हात चाचपत पुढे गेला आणि सशाचा घोटा त्याला सापडला. त्याने तो घट्ट धरला, बुडणारा माणूस मुळी धरतो तसा.

सशाने पाय ओढला. सुटला नाही. पुन्हा ओढला. मग दांडा वर गेला आणि खाली आला.

आवाज मोठा नव्हता. पाटीवर खडू मोडावा तेवढाच. दांडा पुन्हा खाली आला. पुन्हा खडू.

तिने डबा फेकला, तो वाघाच्या खांद्यावर आपटून उघडला. ती ओरडत धावली ती थेट सशावर. नखं मुखवट्यात रुतली. एवढ्या जवळून भोकांतले डोळे दिसले, तांबडे, घाबरलेले, आणि त्यांनीही तिला पाहिलं. त्याने दांडा टाकला आणि दोन्ही हातांनी तिला ढकललं. ती पाटात पाठीवर पडली, दगड खांद्यात घुसला. तोवर वाघाने दांडा मळसूत्रात घालून दार उचललं होतं. पाणी खळाळत वरच्या शेतांकडे वळलं. चौघं पळाले.

ती उठली तेव्हा तिच्या मुठीत सशाचा लांब कान होता. तिने तो कमरेला खोचला. मग नवऱ्याला उताणा केला आणि त्याच्या तोंडातला, नाकातला चिखल बोटाने काढायला लागली, जशी ती मुलांच्या नाकातोंडातली खळ काढायची.

दवाखाना खालच्या वस्तीच्या पलीकडे. पाणी तुटलं म्हणून खालची माणसं काठ्या घेऊन रस्त्यावर उतरली होती, वरच्या वस्तीचं कुणी पलीकडे जाऊ शकत नव्हतं. म्हणून हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने हात चाचपला आणि म्हणाला, "दोन जागी गेलंय. खांदे धरायला दांडगं माणूस पाहिजे."

दांडगं माणूस दारातच होतं. धाकटा धावत आला होता, तोंड धुऊन, केस ओले. "दादा! कुणी केलं रे हे? कुणी केलं?" तो छाती बडवून रडत होता आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"धर," म्हातारा म्हणाला.

त्याने भावाचे खांदे धरले. म्हाताऱ्याने मनगट ओढलं. पाटकऱ्याच्या तोंडातल्या चिंधीतून असा आवाज आला की मुंगी घराबाहेर पळाली. हाड जागेवर येताना दिसलं, कातडीखाली काहीतरी कूस बदलल्यासारखं. तिने दिराच्या हातांकडे पाहिलं. ते सुटले नाहीत.

म्हाताऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. दोन दिवसांत सूज उतरली आणि त्या घामाने सरकायला लागल्या, पाटकरी जरा हलला की हाडाची टोकं एकमेकांवर घासत आणि तो कण्हे. तिसऱ्या दिवशी तिने चुलीवर खळ टाकली. घरात होतं त्यातलं निम्मं पीठ.

"काय करतेस?" नवरा म्हणाला.

"गप्प राहा. हलू नका."

आधी मऊ फडकं गुंडाळलं. मुंगीने वर्तमानपत्र हाताने फाडून पट्ट्या दिल्या. ती बुडवत गेली, निथळत गेली, हातावर लपेटत गेली, कोपरापासून मनगटापर्यंत, बोटं उघडी ठेवून. एक पट्टी उभी गं, एक पट्टी आडी. मुंगी मायेने गाणं म्हणत होती. सात थर झाले. संध्याकाळच्या उन्हात हात वाळला, टणक झाला, वाजवला तर रिकाम्या डब्यासारखा वाजला. पाटकऱ्याने तीन दिवसांत पहिल्यांदा न कण्हता श्वास सोडला.

"आता मीही तुमचा वाघ झालो का काय," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते कळून त्याचं तोंड पुन्हा मिटलं.

पोलीस आला, वही उघडून बसला. "किती जण होते? ओळखलंत?"

"एक वाघ होता. एक अस्वल. एक घुबड."

"बाई, थट्टा करू नका."

"तोंडाला मुखवटे होते. मी दिसलं ते सांगते."

"मुखवटे म्हणजे तुमच्या वर्गातलेच असतील."

"माझ्या वर्गात सात वाघ आहेत," ती म्हणाली. "दुकानातही मिळतात."

खाटेवरून पाटकरी म्हणाला, "चार होते. दांडा घातला तो चौथा."

पोलिसाने तिच्याकडे पाहिलं. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या धाकट्यानेही पाहिलं. तिला कमरेशी तो कागदाचा कान टोचत होता.

"चौथा मला नीट दिसला नाही," ती म्हणाली.



त्यानंतरचे दिवस दगडांचे होते. खालच्या वस्तीने दार पुन्हा पाडलं, कडब्याच्या दोन गंजी पेटवल्या. कुणीतरी दूधवाल्याच्या म्हशीच्या मागच्या पायाची शीर तोडली. ती अंगणात बसली ती उठलीच नाही, दिवसभर हंबरून तिचा आवाज फाटला, मग दूधवाल्याने स्वतः तिला संपवलं. वरच्या पोरांनी गोफणीने खालच्या एका माणसाचा डोळा फोडला. शेवटी कचेरीने फाट्यावर दोन बंदूकवाले बसवले आणि दांडा जप्त करून त्यांच्याच हाती दिला. पाणी पुन्हा पाळीने सुरू झालं. टोमॅटो तोवर वाळून गेले होते.

धाकटा रोज पायरीवर बसून कोयत्याला धार लावायचा. दगडावर पाणी, पाण्यावर पातं, खर्र, खर्र. "वहिनी, एक नाव द्या. एकच. बाकीचं मी बघतो." रोज हेच. जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू जाईल असं. आणि धार लावता लावता तो तिचं तोंड न्याहाळायचा. तिला काय माहीत आहे, हेच त्याला माहीत करून घ्यायचं होतं, हे तिला कळत होतं. ती भात वाढायची. तो खायचा.

नवऱ्याला वेगळीच आग लागली होती. त्याला बायकोच्या हातून जेवावं लागे, बायकोच्या आधाराने परसात जावं लागे, आणि वाटेवरून जाताना दूधवाला "बरं आहे का पाटकरी?" विचारी.

"तुला माहीत आहे," तो एका सकाळी म्हणाला. "मुखवट्यांची बाई आहेस तू. कुणाचा वाघ, कुणाचं घुबड, तुला अंधारात हात लावून सांगता येईल."

"सांगून काय करणार?"

"मी डाव्या हातानेसुद्धा एकाला घेऊन जाईन."

"आणि मग ते तुम्हाला घेऊन जातील. मी मुंगीला काय सांगू?"

"सांग म्हणतो ना!" त्याने हाताशी असलेला वाडगा भिरकावला. तो तिच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. वाडगा जमिनीवर फिरत राहिला, फिरत फिरत पालथा पडला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. सशाचा मुखवटा त्याच वाडग्यावर केला होता.

"अगं..." तो म्हणाला.

"वर्गाची वेळ झाली," ती म्हणाली, आणि जखमेवर चिंधी बांधून गेली.

बालवर्गात त्या दिवशी आवाज जास्त होता. ती दाराशीच थांबली. मुलांनी वर्तमानपत्रं गुंडाळून काठ्या केल्या होत्या. मधे मुंगी पालथी पडली होती, तोंड सतरंजीत. दूधवाल्याचा धाकटा तिच्या पाठीवर बसला होता. सुताराची मुलगी पायांवर मारत होती. गिरणीवाल्याचा मुलगा बरगड्यांपाशी उभा राहून लाथ मारल्याचं करत होता, हळूहळू, एकाच जागी.

"ओरड ना," तो मुंगीला म्हणाला. "पाटकरी ओरडतो."

"मी ओरडणार नाही. माझे बाबा ओरडले नव्हते."

"ओरडले होते. माझ्या बाबांनी सांगितलं आईला. ते हसत होते."

"माझे बाबा नाही हसले," सुताराची मुलगी म्हणाली. "ते जेवलेच नाहीत."

"आता सशाची पाळी!" कुणीतरी म्हणालं. "ससा हातावर मारतो. ससा कोण?"

कुणी पुढे आलं नाही. मुंगीने सतरंजीतून तोंड वर केलं. "माझा ससा आहे. पण त्याला कान नाही. काकाच्या खोलीमागे सापडला, कडब्यात. काका म्हणाले कुत्र्याने नेला असेल." तिने पिशवीतून ससा काढला. एका बाजूला आखूड कान, दुसऱ्या बाजूला कागदाचं फाटकं भोक. "आई, दुसरा कान करून देशील?"

चिकटबाईने एकेकाच्या हातातल्या गुंडाळ्या काढून घेतल्या. मुलं तिच्या कपाळावरच्या चिंधीकडे बघत होती. मुलं आपल्या बापांची नावं सांगत होती, आणि ती सात दिवस ज्या तोंडाला कुलूप लावून बसली होती ते कुलूप असं रस्त्यात पडलं होतं. आज वर्गात, उद्या ओट्यावर, परवा तिच्या नवऱ्याच्या कानात. आणि मग डावा हात, कोयता, आणि ही मुलं एकेक करून बिनबापाची. किंवा तिचीच.

वर्ग सुटला तेव्हा तिने वाटीत उरलेली खळ बरोबर घेतली.

दुपार कलत होती. धाकटा पायरीवर धार लावत होता. पाटकरी दारातल्या खाटेवर, कागदाचा हात पोटावर. तिने वाटी दिराच्या पुढ्यात ठेवली. शेजारी कान नसलेला ससा ठेवला. मग कमरेतून तो लांब कान काढला, चिखलाने कडक झालेला, मागे महिन्याचे आकडे, आणि सशाच्या कपाळावर ठेवला.

"भाऊजी," ती म्हणाली, "मुंगीच्या सशाचा कान निघालाय. तेवढा चिकटवून द्या."

दगडावरचं पातं थांबलं.

मग पाटकरी म्हणाला, "हा चिखल पाटाचा आहे."

"हो."

"तुला कान कुठे सापडला?"

"माझ्या मुठीत." ती नवऱ्याकडे बघत होती. "तुम्ही नाव मागत होता ना? तिघं दुसऱ्यांच्या घरचे होते. ते त्यांच्या मुलांनी बघावं. चौथा या खिळ्यावरचा होता."

पाटकरी उठला. पायरीपर्यंत आला. भावाच्या मांडीवरचा कोयता त्याने डाव्या हाताने उचलला. भावाने तो धरला नाही.

"चिकटव," पाटकरी म्हणाला.

धाकट्याने बोट खळीत बुडवलं. खळ बोटावरून पायरीवर सांडली. त्याने कान बसवला, दाबला.

"मुंगे," पाटकरी म्हणाला. त्याचा आवाज सावकाश होता, जेवताना असे तसा. "तो कान वाळला की मला सांग."

मुंगी आनंदाने काकाच्या पायाशी बसली. "काका, सोडू नका. सोडला की पडेल." तिने बोट लावून पाहिलं. "अजून ओला आहे बाबा."

ऊन पायरीवर होतं. उन्हात खळ लवकर वाळते हे तिघांनाही माहीत होतं. पात्याची सावली धाकट्याच्या मानेवर पडली होती आणि ती सावली जराही हलत नव्हती.

चिकटबाई खाली बसली. तिने वाटीत बोट बुडवलं आणि कानाच्या बुडाशी ताजी खळ लावली.

"ओला आहे," मुंगी म्हणाली.

थोडा वेळ गेला. तिने पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा लावलं. नवऱ्याने पाहिलं. त्याने तिला थांबवलं नाही. ऊन एका पायरीने खाली सरकलं. ती लावत राहिली. वाटी अर्धी झाली.

"तू पाय धरलास," धाकटा एकाएकी म्हणाला. मान खालीच. "दादा, फक्त धमकावायचं ठरलं होतं. मी लांबच उभा होतो. तू माझा पाय धरलास. मला वाटलं तू ओळखलंस. या घोट्यावर डाग आहे ना, लहानपणी तूच मला चुलीतून ओढून काढलं होतंस... मला वाटलं तू बोटांनी ओळखलंस."

"नाही ओळखलं," पाटकरी म्हणाला. "मला वाटलं झाडाचं मूळ आहे."

डाव्या हाताला सवय नव्हती. सावली आता थरथरायला लागली होती, मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून मानेवर. तिने वाटीच्या तळाचं निपटून काढलं आणि लावलं.

"वहिनी, पुरे," दीर म्हणाला. "वाळू द्या आता."

वाटीत काही उरलंही नव्हतं. त्याने सशावरचा हात काढला. कान पडला नाही. मग त्याने आपला उजवा हात कोपरापर्यंत उघडा केला, उंबऱ्यावर आडवा ठेवला, आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

पाटकऱ्याने कोयत्याकडे पाहिलं, सात दिवस भावानेच लावलेल्या धारेकडे. मुठीत तो हळूच फिरवला. धार वर गेली, पाठ खाली आली.

"बाबा," मुंगी म्हणाली, "वाळला."

आईने तिचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं.

खडू मोडला. मग पुन्हा एकदा. दोनच घावांची उधारी होती. धाकटा ओरडला नाही. तो फक्त पुढे वाकत गेला आणि त्याचं कपाळ भावाच्या पायांवर टेकलं. कोयता अंगणात जाऊन पडला. पाटकरी खाली बसला आणि त्याच्या कागदाच्या हाताने भावाचं डोकं शोधायला लागला, पण उघड्या बोटांनी त्याला नीट धरता येत नव्हतं.

चिकटबाई आत गेली. डब्यात हात घातला. तळाला पीठ होतं, एका हाताला पुरेल एवढं. तिने ते थंड पाण्यात कालवलं आणि चूल पेटवली.

"मुंगे, वर्तमानपत्र आण," ती आतून म्हणाली. "कात्री नको. हाताने फाड."